रौप्यपात्रे, सासानी : प्रतिमा आणि धर्म

इराणमधील सासानी राजवंशाच्या काळात (इ. स. २२४–६५१) आणि त्यानंतरही काही काळ त्याच परंपरेत घडविलेली चांदीची तबके, वाडगे, चषक व सुरया यांना ‘सासानी रौप्यपात्रे’ ही संज्ञा देण्यात येते. प्राचीन इराणी धातुकलेचा सर्वांत प्रगल्भ आविष्कार म्हणून ही पात्रे ओळखली जातात. घोड्यावरून शिकार करणारा मुकुटधारी राजा, हाती पक्षी, फुले किंवा द्राक्षवेल घेतलेल्या स्त्रिया, श्वानमुखी व मयूरपुच्छ असा पंखधारी प्राणी हे त्यांवरील प्रमुख प्रतिमाविषय होत. सासानी राज्याचा राजधर्म जरथुश्त्री असल्याने या प्रतिमांत त्या धर्मातील देवता व कल्पना शोधण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत दीर्घकाळ प्रबळ होती. मात्र जरथुश्त्री उपासनेत अग्नीला केंद्रस्थान असून मूर्तीला स्थान नाही. त्यामुळे ज्या धर्माच्या पूजेत प्रतिमा नाही, त्या धर्माच्या प्रतिमा मद्यपात्रांवर कशा आल्या, हा प्रश्न या कलेच्या समीक्षेत मूलभूत ठरतो. त्याचे जे उत्तर स्वीकारावे, त्यावर या पात्रांची नावे, काळ व प्रयोजन यांविषयीचे बरेचसे निष्कर्ष अवलंबून राहतात.

पूर्वपीठिका : इराणमध्ये रौप्यपात्रांची परंपरा सासानींहून बरीच जुनी आहे. ॲकिमेनिड काळातील (इ. स. पू. सु. ५५०–३३०) पर्सेपलिस येथील अपादान प्रासादाच्या जिन्यावरील शिल्पपट्टांत मांडलिक देशांचे प्रतिनिधी राजाला नजराणा म्हणून द्विकर्णी कुंभ व वाडगे नेताना दाखविले आहेत. पहिला अर्तक्षत्र याच्या नावाचा कोरीव लेख असलेले चांदीचे काही उथळ वाडगे उपलब्ध आहेत. त्यांच्या अस्सलपणाबद्दल पूर्वी शंका घेतली गेली. तथापि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील वाडगा आता अस्सल मानला जातो. या लेखात राजाची वंशावळ आणि हे पात्र त्याच्या गृहात घडविले गेले एवढाच मजकूर आहे. देवतेला अर्पण केल्याचा उल्लेख नाही. हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने इराणी लोक देवतांच्या मूर्ती उभारीत नाहीत असे नमूद केले आहे. दुसरा अर्तक्षत्र (कार. इ. स. पू. ४०४–३५९) याने अनाहिता देवीच्या मूर्ती अनेक नगरांत बसविल्याचे बेरॉससच्या आधारे समजते. सासानी काळात मंदिरांतील अशा मूर्ती हटवून त्यांच्या जागी अग्नीची स्थापना करण्यात आली, असे मेरी बॉइस या विदुषीने प्रतिपादिले आहे. म्हणजे ज्या काळात देवालयांतून मूर्ती मागे सरत होत्या, त्याच काळात चांदीवरील प्रतिमांना बहर आला.

घडण व तंत्र : ही पात्रे चांदीचा पत्रा ठोकून घडवीत. भांड्याचा घाट सिद्ध झाल्यावर पृष्ठभागावर खोदकाम व ठशांचे काम केले जाई. राजप्रतिमांच्या तबकांत उठाव अधिक हवा असल्यास चांदीचे स्वतंत्र तुकडे घडवून घेत, पार्श्वभूमीच्या पत्र्याची कड किंचित उचलून तिच्याखाली ते बसवीत व कड पुन्हा दाबून टाकीत. निवडक भागांवर पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देत. त्यामुळे एकाच पात्रात चांदीची शुभ्रता आणि सोन्याची झळाळी यांचा परस्परविरोध साधला जाई. काही पात्रांवर पहलवी लिपीत ठिपक्यांनी कोरलेले लेख आढळतात. त्यांत प्रामुख्याने मालकाचे नाव आणि पात्राचे वजन असते. वजनाची ही नोंद महत्त्वाची आहे. कारण पात्र ही शोभेची वस्तू असली, तरी त्याचबरोबर ती मोजून ठेवलेली संपत्तीही होती, हे तीवरून स्पष्ट होते.

प्राप्तिस्थाने व प्रमाणांचा प्रश्न : सासानी रौप्यपात्रांपैकी फारच थोडी शास्त्रशुद्ध उत्खननात मिळालेली आहेत. त्यांचा सर्वांत मोठा संग्रह सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात असून त्यातील बहुसंख्य पात्रे इराणबाहेर, रशियातील उरल पर्वताच्या पश्चिमेस कामा नदीच्या खोऱ्यात, शेतजमिनीत व पुरून ठेवलेल्या ठेव्यांत सापडली. उत्तरेकडील केसाळ कातड्यांच्या मोबदल्यात ती व्यापारमार्गांनी तेथवर पोहोचली असावीत. विसाव्या शतकात अमेरिका व यूरोपमधील संग्रहालयांत दाखल झालेली अनेक पात्रे पुराणवस्तूंच्या बाजारातून आली. त्यांची मूळ ठिकाणे अज्ञात असून त्यांत बनावट वस्तूही मिसळल्या आहेत. या पार्श्वभूमीवर चीनमधील शोधांना विशेष महत्त्व आहे. दातुंगनजीक १९८१ मध्ये उत्खनन झालेल्या फंग हतू या अधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. ५०४) रानडुकरांच्या शिकारीचे दृश्य असलेले सासानी तबक मिळाले. निंगशियातील कूयुआन येथे ली शियान याच्या थडग्यातून (इ. स. ५६९) १९८३ मध्ये चांदीची मुलामा दिलेली सुरई बाहेर आली. अशा निश्चित तारखेच्या वस्तू मोजक्याच असल्याने बाकीच्यांचा काळ मुकुटांचे आकार, शैली आणि धातूचे रासायनिक पृथक्करण यांवरून ठरवावा लागतो.

अभ्यासाची वाटचाल : याकॉव्ह स्मिर्नॉव्ह या रशियन संशोधकाने १९०९ मध्ये पौर्वात्य रौप्यपात्रांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला आणि या अभ्यासाचा पाया घातला. ऑर्बेली व ट्रेव्हर यांचा सासानी धातुकामावरील ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. आरंभीच्या अभ्यासकांनी प्रत्येक प्रतिमेमागे अवेस्तातील एखादी देवता वा कथा असणार असे बहुधा गृहीत धरले. बरीस मार्शाक याने १९७१ मध्ये पूर्वी सासानी मानलेल्या पात्रांतून सॉग्डियन पात्रांचा गट वेगळा काढला, तर प्रूडेन्स हार्पर हिने पीटर मायर्झ याच्या तांत्रिक परीक्षणांच्या साहाय्याने १९८१ मध्ये राजप्रतिमांच्या पात्रांची पुनर्तपासणी केली. या दोन अभ्यासांनंतर ‘प्रतिमा कोणाची’ या प्रश्नाआधी ‘पात्र कोणी, कोठे व कशासाठी घडविले’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

शिकारदृश्ये : राजाच्या शिकारीची तबके हा या कलेचा मानबिंदू होय. वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहातील तबकावर दुसरा शापूर (कार. ३०९–७९) रानडुकरांची शिकार करताना दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील तबकावर मेंढ्यांची शिकार करणारा राजा पेरोझ किंवा पहिला कवाध असावा. धावत्या घोड्यावर राजा निश्चल व निर्विकार बसलेला असतो. त्याच्या मुकुटावर चंद्रकोर, गोल वा पंख अशी चिन्हे असतात आणि फिती मागे लहरत असतात. एकच जनावर पुष्कळदा दोनदा दाखविले जाते : एकदा धावताना आणि एकदा घोड्याच्या पायांखाली निष्प्राण होऊन. घडत असलेला प्रसंग व त्याचा अटळ शेवट असे दोन्ही क्षण एकाच वर्तुळात बसविण्याची ही युक्ती अत्यंत परिणामकारक आहे.

या दृश्यांचा धार्मिक अर्थ लावताना अवेस्तातील बहराम यश्ताचा आधार घेतला जातो. विजयाची देवता वेरेथ्रघ्न (वैदिक ‘वृत्रहन्’ या विशेषणाशी समानमूल नाव) वारा, बैल, घोडा, उंट, रानडुक्कर, तरुण, पक्षी, मेंढा, बोकड व सशस्त्र पुरुष अशा दहा रूपांत प्रकटते असे त्यात वर्णन आहे. दहा या संख्येमुळे भारतीय वाचकाला दशावताराची आठवण होणे साहजिक असले, तरी त्यावरून दोहोंचा संबंध जोडणे योग्य नाही. रानडुक्कर व मेंढा ही देवतेची रूपे असल्यास शिकारदृश्येही पवित्र ठरतात, असा युक्तिवाद केला गेला. तथापि त्यात एक उघड विसंगती आहे. रानडुक्कर ही विजयदेवता असेल, तर तिच्याच कृपेने विजयी होणारा राजा तिला बाणाने का मारतो? कारनामग या पहलवी ग्रंथात राजतेज मेंढ्याच्या रूपाने अर्दशीरच्या मागोमाग येते. तोच मेंढा तबकावर मरून पडलेला का दिसावा? मारणाऱ्याला मारलेल्याचे सामर्थ्य प्राप्त होते, असे उत्तर काहींनी सुचविले. पण त्याला पहलवी ग्रंथांत स्पष्ट आधार मिळत नाही. अधिक समाधानकारक अर्थ राजाच्या देहातच आहे. मुकुट, फिती आणि काही तबकांवरील प्रभावलय ही ‘ख्वर्रह’ म्हणजे देवदत्त राजतेजाची चिन्हे होत. हे तेज ज्याच्या ठायी आहे त्याचा नेम चुकत नाही, एवढेच या तबकांना सांगावयाचे आहे. येथे धर्म आहे, परंतु तो राजसत्तेच्या रूपाने व्यक्त झाला आहे.

स्त्रीप्रतिमा : सहाव्या–सातव्या शतकांतील सुरया व फुलदाण्यांवर महिरपींखाली नृत्यमुद्रेत उभ्या असलेल्या स्त्रिया आढळतात. त्यांची वस्त्रे पारदर्शक वा नाममात्र असून हातांत पक्षी, डाळिंब, फुले, द्राक्षवेल, क्वचित लहान मूल असते. ही जलदेवता अनाहिता होय, किंवा तिच्या पुजारिणी होत, असे मत एकेकाळी बरेच रूढ होते. जल व सुफलता यांच्याशी असलेला तिचा संबंध, तसेच ताक-इ-बुस्तान येथील शिल्पात पात्रातून पाणी ओतणारी स्त्री, हे त्यामागील मुख्य आधार होत.

परंतु या देवीचे विस्तृत वर्णन ज्या आबान यश्तात येते, ते या प्रतिमांशी जुळत नाही. तेथील अनाहिता ऊदबिलावासारख्या जलचर प्राण्याच्या मौल्यवान कातड्यांची वस्त्रे ल्यालेली, तारकांनी मढविलेला सुवर्णमुकुट धारण केलेली आणि हातात ‘बर्सम’ ही यज्ञीय डहाळ्यांची जुडी घेतलेली आहे. सुरयांवरील स्त्रियांच्या हातांत बर्सम नाही, मस्तकावर तारकामुकुट नाही. शिवाय त्या एकट्या नसून दोन, चार वा अधिक अशा मालिकेने येतात. एका देवीची पुनरावृत्ती म्हणण्यापेक्षा ही मिरवणूक अधिक वाटते. त्यांच्या मुद्रा व हातांतील वस्तू ग्रीक-रोमन जगातील डायोनायससच्या मद्योत्सवात नाचणाऱ्या स्त्रियांवरून आल्या, हे रिचर्ड एटिंगहाउझन इत्यादी कलेतिहासकारांनी दाखविले आहे. ऋतू, मास वा सणांच्या त्या निदर्शक असाव्यात असेही एक मत आहे. नवरोझ व मेहरगान या सणांतील मेजवान्या पाहता ते असंभाव्य नाही. घाट मद्यपात्राचा आहे आणि प्रतिमा उत्सवाच्या आहेत. तेव्हा त्यांना देवी न म्हणता आनंदोत्सवाच्या सहचरी म्हणणे पुराव्याला धरून होईल. इराणी परंपरेत ‘रझ्म’ व ‘बझ्म’ म्हणजे युद्ध व मेजवानी ही राजजीवनाची दोन अंगे मानली जातात. तबकांवरील शिकार आणि सुरयांवरील नृत्य ही याच जोडीची दोन रूपे होत.

सेनमुर्व : श्वानाचे मुख, सिंहाचे पंजे, पक्ष्याचे पंख आणि मोराचा पिसारा असलेला प्राणी अनेक पात्रांवर एकटाच कोरलेला आढळतो. कमिला ट्रेव्हर हिने १९३८ मध्ये तो अवेस्तातील ‘सएन’ पक्षी, म्हणजे पहलवीतील सेनमुर्व व फार्सी महाकाव्यातील सीमुर्ग होय असे प्रतिपादिले आणि हे नाव सर्वत्र रूढ झाले. ‘सएन’ व संस्कृत ‘श्येन’ हे शब्द समानमूल आहेत. पण श्येन, सएन आणि शाहनाम्यात झालचे संगोपन करणारा सीमुर्ग हे तिन्ही पक्षीच आहेत; पात्रांवरील प्राण्याचे मुख मात्र श्वानाचे आहे. या विसंगतीवर बोट ठेवून मात्तेओ कॉम्पारेती याने एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा प्राणी सीमुर्ग नसून राजतेजाचे प्रतीक आहे असे मत मांडले. पंजीकंद येथील सॉग्डियन भित्तिचित्रांत रुस्तुमच्या पुढे तरंगणारा संमिश्र प्राणी त्याला अनुकूल आहे. ताक-इ-बुस्तानच्या शिल्पातील राजवस्त्रावरही हीच आकृती विणलेली दिसते. वाद पूर्ण मिटलेला नसला, तरी राजतेजाचा अर्थ शिकारदृश्यांशी सहज जुळतो, हे त्याचे बळ होय.

स्पष्ट देवताविषय : सर्वच पात्रांवरून देवतांना हद्दपार करणे मात्र तितकेच एकांगी ठरेल. हर्मिटाजमधील क्लिमोवा येथे मिळालेल्या तबकावर बैल जुंपलेला चंद्ररथ आहे व त्यातील आकृती चंद्रदेवता ‘माह’ हिच्याशी निगडित आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. त्याच संग्रहालयातील पंखधारी उंटाच्या सुरईचा संबंध मार्शाकने वेरेथ्रघ्नाच्या सॉग्डियन रूपाशी जोडला आहे. जॉर्जियात बोरी व आर्माझिस्खेवी येथे मिळालेल्या तबकांवर वेदीसमोर पाय उचलून उभा असलेला घोडा आहे. लक्षणीय गोष्ट अशी, की उपासनेच्या जवळ जाणारी अशी उदाहरणे पुष्कळदा साम्राज्याच्या सीमेवरील वा सीमेपलीकडील कारागिरांकडे बोट दाखवितात. राजाश्रयाच्या केंद्रात संयम दिसतो, तर सीमाप्रदेशांत मोकळीक आढळते.

धातूचे पावित्र्य : पात्रांचा धर्माशी असलेला खरा संबंध प्रतिमेपेक्षा द्रव्यात शोधणे अधिक फलदायी आहे. वेंदिदाद या अवेस्तातील शुद्धिविषयक ग्रंथात मृतस्पर्शाने दूषित झालेल्या भांड्यांचे नियम आहेत. त्यांनुसार सोन्याचे भांडे एकदा, तर चांदीचे दोनदा धुऊन शुद्ध होते. इतर धातूंना त्याहून अधिक वेळा धुवावे लागते आणि माती वा लाकडाचे भांडे कधीच शुद्ध होत नाही. या दृष्टीने चांदी मौल्यवान तशीच शुचितेला अनुकूल होय. पर्सेपलिसच्या कोशागारात सापडलेले हिरव्या दगडाचे खलबत्ते हओम (वैदिक सोम) कुटण्यासाठी होते असे रेमंड बोमन याने १९७० मध्ये मांडले. त्यांवरील ॲरेमाइक लेख केवळ कारभारविषयक आहेत असे इतरांचे म्हणणे आहे. पण विधीत खलबत्ता लागतो हे निर्विवाद आहे आणि या खलबत्त्यांवर प्रतिमा नाहीत. पारशी समाजात आजही विवाह, नवजोत अशा मंगलप्रसंगी चांदीची ‘सेस’ मांडतात. तीत गुलाबदाणी, कुंकवाची डबी, खडीसाखरेचा शंकू इ. वस्तू असतात. तिचे मांगल्य देवतेच्या चित्रावर अवलंबून नसते. सासानी काळापासून आजच्या सेसेपर्यंत सरळ रेषा ओढता येणार नाही. परंतु चांदीचे पावित्र्य प्रतिमेवाचून कसे टिकते, हे तीवरून ध्यानात येते.

अर्थांतर : पात्र एका समाजातून दुसऱ्यात गेले, की त्याचा अर्थही बदलतो. उरल प्रदेशातील वनवासी लोकांनी काही इराणी पात्रांवर सुरीच्या टोकाने स्वतःच्या आकृती कोरल्या : हाती तलवारी घेतलेली, मस्तकावर शिरोभूषणे असलेली माणसे आणि भोवती पशू. मेजवानीचे तबक तेथे पूजाविधीची वस्तू झाले. इराणमध्ये ज्याला उपासनेत स्थान असल्याचा पुरावा नाही, त्या तबकाला हजारो किलोमीटर दूर परक्या धर्मात देवस्थान लाभले. याउलट ली शियानच्या सुरईचा घाट इराणी असून तीवर ट्रॉयच्या ग्रीक कथेतील प्रसंग आहेत. ती बॅक्ट्रियात घडविली गेली असावी. अनिकोव्हा तबकावरील वेढलेला किल्ला बायबलमधील जेरिकोचा आहे, असे मार्शाकने दाखविले. दुसरा खुसरौ (कार. ५९०–६२८) याने सिरियातील संत सर्जियस याच्या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रास मौल्यवान धातूची पात्रे व क्रूस अर्पण केल्याचे बायझंटिन इतिहासकार सांगतात. राजाचे दान धर्माच्या सीमा ओलांडू शकत होते. केवळ इराणी घाट वा इराणी दाता पाहून प्रतिमेचा धर्म ठरविणे किती धोक्याचे आहे, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

याच प्रकारच्या घाईचे एक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील छतावर इराणी वेशातील पुरुष हाती पेला घेऊन परिवारासह बसलेला चित्रित केला आहे. जेम्स फर्ग्युसन याने १८७९ मध्ये तो दुसरा खुसरौ असल्याचे मत मांडले आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळाशी त्याचा संबंध जोडला. ते लेणे आता सामान्यपणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जात असल्याने हे मत मागे पडले. परिचित नाव हाताशी असले, की अनामिक आकृतीला ते चिकटविण्याचा मोह अजिंठ्यात झाला, तसाच तो रौप्यपात्रांबाबतही झाला.

मूल्यमापन : सासानी रौप्यपात्रांना देवालयातील उपकरणे मानणे जसे चुकीचे आहे, तसेच त्यांना निव्वळ ऐहिक चैनीच्या वस्तू मानणेही अपुरे आहे. राजाचे तेज देवदत्त आहे, शुचिता धातूतही असते आणि सणाची मेजवानी हे पुण्यकर्म आहे, या तीन श्रद्धांच्या भूमीवर ही कला उभी आहे. धर्म येथे चित्रविषय म्हणून क्वचितच येतो. तो राजाच्या निश्चल मुद्रेत, धातूच्या निवडीत आणि दानाच्या प्रथेत मुरलेला असतो. देवतांची नावे देण्याच्या आग्रहामुळे हा मुरलेला धर्म दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. उत्खननातील विश्वसनीय पुरावा मोजका असेपर्यंत प्रत्येक स्त्रीला अनाहिता आणि प्रत्येक पंखधारी प्राण्याला सीमुर्ग म्हणण्याचे टाळून, पात्राचा घाट, लेख, वजन व प्राप्तिस्थान यांचा साक्षीपुरावा आधी ऐकणे हीच या क्षेत्रातील समीक्षेची योग्य रीत होय. तिचा अवलंब केल्यास या पात्रांचे सौंदर्य उणावत नाही. ज्या हातांनी ती घडविली, ज्यांनी ती मेजवानीत उचलली आणि ज्यांनी ती दूर अरण्यात पुजली, त्या सर्वांचा वाटा त्या सौंदर्यात स्पष्ट होतो.